ब्रेक-ऑइलही पाणी पिते! खरिपाच्या तयारीत दुचाकीकडेही लक्ष हवे

मृग तोंडावर आला की आपला शेतकरी काय काय तपासून ठेवतो? भाताच्या बियाण्याची उगवण बघतो, पॉवर टिलरचा पट्टा बघतो, फवारणी पंपाचा वायसर बदलतो, घराची कौले परतून घेतो. पण बियाणे महाडच्या बाजारातून वाडीवर आणणारी, खताची गोणी मागच्या सीटवर बांधून नेणारी आणि रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवणारी जी मोटारसायकल, तिच्या हँडलवरची लहानशी डबी मात्र वर्षानुवर्षे कोणी उघडून बघत नाही. आजचा लेख त्या डबीविषयी आहे.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत आता दुचाकीवाचून पान हलत नाही. कापडे, पितळवाडी, उमरठ, कुडपण या बाजूला किंवा वरंध, बिरवाडी, नाते, पाचाड या बाजूला फिरताना पाहावे, एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा, मधल्या वेळी सगळी भिस्त दुचाकीवर. पावसात दरड येऊन रस्ता अर्धा बंद झाला तर मोठी गाडी अडते, पण कडेने दुचाकी काढता येते. शिक्षक, आशाताई, दूधवाला, पोस्टमन, आमच्यासारखे विस्ताराचे कर्मचारी, सगळ्यांचे तसेच. असे हे वाहन घाटाच्या उतारावर दगा देता कामा नये.

तारेवरचा क्लच आणि तेलावरचा क्लच

जुन्या फटफटीत सगळा कारभार तारेचा आणि सळईचा होता. क्लच दाबला की तार ओढली जाई, ब्रेक दाबला की सळई ओढली जाई. तार गंजली, तुटायला आली तर डोळ्यांना दिसे, हाताला जड लागे. पुढे १९९९ ची हीरो होंडा सीबीझेड, २००१ ची बजाज पल्सर अशा गाड्या आल्या आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक आपल्याकडे सर्रास झाला. आज वाडीवाडीत डिस्कच्या गाड्या आहेत. या ब्रेकमध्ये तार नाही, तेल आहे. लिव्हर दाबली की वरच्या मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल नळीतून खाली कॅलिपरमध्ये जाते आणि तिथले दट्टे पॅडला डिस्कवर दाबतात.

हीच तऱ्हा काही मोठ्या, महाग मोटारसायकलींच्या क्लचला असते. त्याला हायड्रॉलिक क्लच म्हणतात. आपल्याकडच्या शंभर, सव्वाशे सी.सी.च्या गाड्यांचा क्लच अजून तारेवरच आहे, पण मालवाहू पिकअप आणि जीपगाड्यांपैकी अनेकांचा क्लच तेलावर चालतो. म्हणजे दुचाकीच्या ब्रेकला जे तेल, बहुतेक वेळा तेच तेल या क्लचलाही. दोन्हीची दुखणी एकाच घरची. म्हणून ब्रेक आणि क्लच दोन्हींचा विचार इथे एकत्र केला आहे.

हे तेल काम कसे करते ते समजून घेऊ. द्रव पदार्थ दाबला तरी आकसत नाही, म्हणून इकडे दिलेला जोर तिकडे पोहोचतो. हवा मात्र दाबली की आकसते. नदीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की पंप हवा धरतो, इंजिन चालू राहते पण पाणी चढत नाही, हा अनुभव सर्वांना आहे. ब्रेकच्या नळीत हवा किंवा वाफ शिरली की तेच होते. लिव्हर हाताला येते, हँडलला टेकते आणि चाक फिरतच राहते.

पोत्यातला युरिया आणि डबीतले तेल

आपण ज्याला ब्रेक-ऑइल म्हणतो ते खऱ्या अर्थाने तेल नव्हेच. ते ग्लायकॉल जातीचे रसायन आहे आणि हवेतील ओलावा ओढून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. युरियाची गोणी पावसाळ्यात तोंड उघडे ठेवून पडवीत ठेवली तर चार दिवसांत काय होते? खडे होतात, तळाला पाणी सुटते. कोणी त्यात पाणी ओतलेले नसते, हवेतूनच ते आलेले असते. डबीतल्या ब्रेक-ऑइलचेही तसेच आहे. फरक एवढाच की युरियाचे खडे दिसतात आणि ब्रेक-ऑइलमधले पाणी त्यात विरघळून जाते, दिसत नाही.

झाकण घट्ट असताना पाणी जाते कुठून, असा प्रश्न कोणीही करील. तेल खालीवर होते म्हणून झाकणाला हवेची बारीक वाट ठेवलेली असते आणि तिच्याखाली रबरी पडदा असतो. हा पडदा जुना झाला, चिरला की ओल आत येते. रबरी नळीच्या अंगातूनही अगदी थोडी थोडी ओल झिरपते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आपल्या भागात जून ते सप्टेंबर भिंतीला ओल येते, मीठ पाझरते, तिथे या तेलाने कोरडे राहावे कसे?

आता या पाण्याने बिघडते काय, ते आकड्यांत पाहू. बाटलीवर आणि डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. हा तेलाचा दर्जा आहे. नवे कोरडे डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. डॉट ४ साठी ही मर्यादा २३० अंश आहे. पण त्याच तेलात वजनाने ३.७ टक्के पाणी मिसळले की डॉट ३ ची मर्यादा १४० अंशांवर आणि डॉट ४ ची १५५ अंशांवर येते. शंभरात चार भागही पाणी नाही, तरी पासष्ट-पंचाहत्तर अंशांचा घाटा!

आंबेनळीचा उतार

सपाट रस्त्यावर ब्रेक इतका तापत नाही, म्हणून पाणी प्यालेले तेलही वर्षभर निभावून नेते. कसोटी लागते ती घाटात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि पोलादपूर अगदी पायथ्याला. आंबेनळी घाटाने उतरताना गाडी जवळपास तेराशे मीटर खाली येते. गाडी, दोन माणसे आणि थोडे सामान मिळून तीनशे किलो वजन धरा. एवढे वजन तेराशे मीटर खाली येताना जी शक्ती मोकळी होते तिच्यात बारा लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. यातला काही भाग वाऱ्याचा विरोध आणि इंजिन खाऊन टाकते. बाकी सारी उष्णता ब्रेकच्या वाट्याला येते. वरंधा घाट, कशेडीचा जुना घाट, पाचाडहून खाली येणारा रस्ता, वाड्यांकडून उतरणारे अरुंद चढउतार, कमी-अधिक प्रमाणात सगळीकडे हाच हिशेब.

त्यात आपल्याकडे एक घातक सवय आहे. पेट्रोल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, काही जण तर इंजिनही बंद करतात. मग इंजिनाचा रोध शून्य होतो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. डिस्क तापते, पॅड तापते, कॅलिपर तापतो आणि आतल्या तेलातील पाण्याची वाफ होऊ लागते. थेंबभर पाण्याची वाफ थेंबाच्या हजारपटीहून जास्त जागा मागते. तेवढी जागा नळीत नसते, म्हणून ती तेलाला वर डबीत ढकलते. पुढच्या वळणावर लिव्हर दाबावी तर ती लोण्यासारखी मऊ!

यातली सर्वांत फसवी गोष्ट पुढे आहे. गाडी कशीबशी थांबवली, अर्धा तास उभी केली की कॅलिपर थंड होतो, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ब्रेक पूर्ववत लागतो. मेस्त्रीकडे नेली तर तो लिव्हर दाबून म्हणतो, "काय झालंय? चांगला लागतोय की!" मालकालाही वाटते की आपलाच भास झाला. आणि गाडी तेच तेल घेऊन पुन्हा घाटात जाते.

हायड्रॉलिक क्लचचे लक्षण वेगळे. त्याचा खालचा सिलिंडर इंजिनाला चिकटून असतो, सतत गरम होतो, म्हणून त्यातले तेल ब्रेकच्या तेलापेक्षाही लवकर काळे पडते. तेल बिघडले की क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हर दाबून धरली तरी गाडी पुढे सरकते, पहिला गिअर खाडकन पडतो, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. महाडच्या बाजारपेठेत गर्दीच्या वेळी असे झाले म्हणजे काय होते ते सांगायला नको. पुष्कळ जण क्लच प्लेटा खराब झाल्या समजून इंजिन खोलायला देतात. त्याआधी डबीचे झाकण उघडून तेल बघावे. दुखणे तिथेच असण्याचा संभव असतो.

चुकीचे तेल, मोठा खर्च

पाण्याखेरीज दुसरी भेसळ माणसाच्या हातची असते. डबीतले तेल कमी दिसले की जवळ असेल ते ओतायचे, कोणी इंजिन-ऑइल, कोणी जॅकचे तेल, कोणी शिलाई मशिनचे. "तेल ते तेल, काय फरक पडतो?" हा समज काढून टाकला पाहिजे. ब्रेकमधील वायसर आणि सील ग्लायकॉलला टिकणाऱ्या खास रबराचे असतात. इंजिन-ऑइल, ग्रीस, डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही त्यांना लागले की ते रबर फुगते आणि मऊ पडते. फुगलेला सील दट्ट्याला परत येऊ देत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये तेल परत जाण्यासाठी सुईच्या अग्राएवढे बारीक छिद्र असते, ते बुजते. मग लिव्हर सोडली तरी ब्रेक धरून राहतो, चाक जड फिरते, डिस्क तापते आणि पुढचे चाक जाम होण्यापर्यंत मजल जाते. पेट्रोलने कॅलिपरच्या आतले भाग धुणारे महाभागही आहेत. त्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

ही भेसळ ओळखण्याची खूण सोपी आहे. डबीचे झाकण काढल्यावर त्याखालचा रबरी पडदा फुगून वेडावाकडा झाला असेल, पुन्हा जागेवर नीट बसत नसेल, तर चुकीचे तेल गेले आहे असे समजावे. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही. वरची-खालची सगळी रबरे, म्हणजे दोन्हीकडची किट, नवीन टाकावी लागतात आणि रबरी नळीही बदलणे शहाणपणाचे. शंभर रुपये वाचवायला जावे आणि हजारांत खर्च यावा, असा हा प्रकार.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही परदेशी मोटारसायकलींच्या क्लचला मुद्दाम मिनरल ऑइल लागते. त्यांत आपले नेहमीचे ब्रेक-ऑइल टाकले तर त्यांचे सील खराब होतात. डॉट ५ नावाचे सिलिकोनचे तेलही वेगळे. नावात ५ आहे म्हणून ते जास्त चांगले समजून डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये. सारांश, झाकणावर जे लिहिले असेल तेच तेल टाकावे. कीटकनाशकाच्या डब्यावरचे लेबल वाचल्याशिवाय फवारू नका असे आम्ही सांगतो, तोच नियम इथे.

पुरात बुडालेली गाडी, गावी उभी असलेली गाडी

२२ जुलै २०२१ चा महापूर महाडकर विसरणे शक्य नाही. सावित्री आणि गांधारीचे पाणी घराघरांत शिरले, दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला की लोक इंजिनात पाणी गेले म्हणून इंजिन-ऑइल बदलतात, प्लग साफ करतात, एअर फिल्टर टाकतात. गाडी चालू झाली की काम झाले असे वाटते. ब्रेक-ऑइलची आठवण कोणाला होत नाही. पण पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात बारीक गाळ असतो. जुन्या पडद्यातून तो डबीत उतरतो, कॅलिपरच्या दट्ट्यांभोवती आणि पिनांवर बसतो आणि गंज धरतो. म्हणून बुडालेल्या गाडीचे ब्रेक-ऑइल काळे दिसो वा स्वच्छ दिसो, बदललेच पाहिजे आणि कॅलिपर खोलून साफ केला पाहिजे. मागच्या ड्रम ब्रेकचा ड्रमही उघडून गाळ काढावा. जुनी गाडी स्वस्तात विकत घेताना ती पुरात होती काय हे विचारून घ्यावे, आणि उत्तर काहीही मिळाले तरी तेल बदलूनच चालवायला काढावी.

दुसरा प्रकार आपल्या कोकणचा खास. मुंबईकर चाकरमानी जुनी गाडी गावी आणून ठेवतात. गणपतीला चार दिवस फिरवतात, मग ती शिमग्यापर्यंत पडवीत उभी. "गाडी चालवलीच नाही, तेल कशाला बदलायचे?" असे म्हटले जाते. परंतु हे तेल किलोमीटरने जितके खराब होते त्याहून अधिक काळाने खराब होते. उभी गाडीसुद्धा सबंध पावसाळा ओल पिते. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत दिलेली असते, आणि ती साधारण दोन वर्षांची असते. आपल्या भागात तिच्या पुढे एक दिवसही जाऊ नये.

काय करावे?

पहिले काम घरच्या घरी. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून डबीच्या काचेतून तेल बघावे. ते खालच्या रेषेच्या वर हवे. नवे तेल पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर असते. चहासारखे तांबडे, गढूळ किंवा काळे झाले असेल तर बदलावे. मात्र रंग चांगला म्हणजे तेल चांगले असे नव्हे, कारण विरघळलेले पाणी दिसत नाही. तेल कमी झाले असेल तर आधी पॅड झिजलेत का बघावे, कारण पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते. पॅड चांगले असून तेल कमी असेल तर कुठेतरी गळती आहे.

दुसरे काम मेस्त्रीकडचे, पण आपण समोर उभे राहून करून घ्यावे. झाकण उघडण्यापूर्वी डबीभोवतीचा चिखल पुसलेला असावा. बाटली सीलबंद आणि आपल्यासमोर फोडलेली असावी. मेस्त्री लिव्हर दाबून धरतो, खालचा निप्पल सैल करतो, जुने तेल नळीने बाटलीत काढतो, निप्पल घट्ट करतो आणि मगच लिव्हर सोडतो. हा क्रम चुकला तर आत हवा ओढली जाते. मधे मधे डबीत नवे तेल भरत राहावे, डबी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. स्वच्छ, बुडबुड्याविना तेल येऊ लागले की काम झाले. नुसते वरचे तेल कापसाने टिपून नवे भरणे म्हणजे तेल बदलणे नव्हे, खराब तेल खाली कॅलिपरमध्येच राहते. काढलेले तेल पुन्हा भरू नये. एबीएस असलेल्या गाडीचे काम मात्र त्याची माहिती असणाऱ्याकडेच द्यावे. १२५ सी.सी.वरील नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे अशा गाड्या आता गावोगावी आहेत.

एका ब्रेकच्या यंत्रणेत हे तेल पेलाभरही नसते. लहान बाटलीची किंमत युरियाच्या एका गोणीपेक्षाही सहसा कमीच. मजुरी धरली तरी एका दिवसाच्या मजुराएवढादेखील खर्च येत नाही.

उरलेल्या बाटलीविषयी दोन शब्द. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवू नये, ती तिथेही ओल पिते. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर हे तेल कदापि भरू नये, ते विषारी आहे आणि घरात लहान मुले असतात. गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उडतो, ताबडतोब पाण्याने धुवावे. जुने तेल वहाळात, विहिरीजवळ किंवा खाचरात ओतू नये.

घाट उतरताना

तेल नवे असले तरी चालवणाराची रीत चांगली हवी. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रल करू नये, इंजिन बंद करू नये. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नये. वळणाआधी ब्रेक लावून वेग कमी करावा आणि मग सोडून द्यावा, म्हणजे डिस्कला वारा मिळतो. लिव्हर मऊ लागली तर घाबरून न जाता गिअर एकेक खाली घ्यावा, लिव्हर भरभर दाबून-सोडून बघावी, मागचा ब्रेक वापरावा आणि दरीच्या नव्हे तर डोंगराच्या बाजूला गाडी घ्यावी. थांबल्यावर अर्धा तास बसावे. नंतर ब्रेक लागला तरी त्यावर विसंबून पुढचा घाट उतरू नये. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू जवळच्या सपाट गावापर्यंत यावे आणि तेल बदलल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.

रोहिणीत राब पेरायच्या आधी एखादा बाजारचा दिवस यासाठी काढावा. बियाणे घ्यायला महाडला किंवा पोलादपूरला जाणे होतेच, तेवढ्यात गॅरेजमध्ये तासाभराचे हे काम होते. तेल बदलल्याची तारीख खडूने नव्हे, तर पक्क्या रंगाने डबीवर किंवा मडगार्डच्या आतून लिहून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी आठवण राहील. आणि घरात गाडी चालवणारा मुलगा असेल, सूनबाई असेल, तर त्यांनाही ही डबी दाखवून ठेवावी. पावसात रात्री पेशंट मागे बसवून उतारावर गाडी काढण्याची वेळ त्यांच्यावरही येते.